झाकण
मार्गिता मावशीचं आमेन झाल्याशिवाय सूपच्या पातेल्याचं झाकण उघडायचं नाही, हा स्लोव्हाकियातल्या एका रोमा वस्तीचा रिवाज. मावशी प्रार्थनेची स्लोव्हाक भाषेतली दोन पाठ वाक्यं म्हणून मोकळी व्हायची. “आपली रोमानी भाषा भांडायला बरी, देवापुढं कशाला?” ती एटेलाला टोमणा मारायची. एटेला नऊ वर्षं बायबलचा रोमानीत अनुवाद करत होती. त्यासाठी दूरदेशीची माणसं प्रार्थना करत. वस्तीत कुणीच नाही. घर सोडून परतलेल्या मुलाची बायबलमधली गोष्ट आज तिनं जेवणाआधी रोमानीत वाचली. “म्हातारा बाप पळत गेला पोराला भेटायला? आधी बोलली नाहीस!” “दरवर्षी चर्चमध्ये स्लोव्हाकमधून वाचतात, मावशी.” मावशीचा मुलगा गेझा आठ वर्षांपूर्वी भांडून गेला होता. तिनं डोळे मिटले. “देवा,” ती रोमानीत म्हणाली, “पळायला मला गुडघे कुठायत? तूच आण गेझाला. ऐकतोस ना?” झाकणाखाली सूप निवलं. मावशी देवाशी भांडतच होती.