अनेकवचन

"पानी?" हुकूमचंद कंपाउंडरांनी भरलेला गिलास दाखवून विचारलं.

"ना," खाटेवरचा शिपाई म्हणाला.

हुकूमचंदांनी गिलास परत स्टुलावर ठेवला. "सकाळपासून हेच चाललंय. पाणी दाखवलं की ना. असं कोरड्यानं ताप कसा उतरायचा?"

दुसऱ्या महायुद्धाचं शेवटलं साल होतं. आफ्रिकेच्या पलटणीची गाडी वाशीमला थांबली, तेव्हा हिवतापानं फणफणलेल्या या एका शिपायाला उतरवून स्टेशनामागच्या धर्मादाय दवाखान्यात ठेवलं होतं. मागून येणारी गाडी त्याला घेऊन जाणार होती. कागदावर नाव होतं आपिऊ, मुलूख गोल्ड कोस्ट. आला तेव्हा तो मोडकंतोडकं इंग्रजी बोलत होता. ताप चढला तशी परक्यांची भाषा गळून गेली आणि घरची तेवढी उरली. ती समजणारं वाशीमात कोणी नव्हतं.

शेजारच्या खाटेवर केनवडचे रामराव होते. बैलगाडी उलटून मोडलेला पाय बांबूच्या कामट्यांत बांधलेला. उशाशी बायको, तुळसाबाई.

"त्याच्या धरमात आपल्या हातचं चालत नसन," रामराव म्हणाले.

तुळसाबाई नवऱ्यासाठी पाणी घ्यायला उठली. तिनं माठात तांब्या बुडवला. डुबुक आवाज झाला तसे शिपायाचे डोळे उघडले.

"ना," तो म्हणाला.

ती तांब्या घेऊन रामरावांकडे वळली. शिपायाची मान तांब्याच्या मागं मागं फिरली. "ना... ना."

तुळसाबाई थबकली.

"कंपाउंडरसाहेब, हा नाही म्हनून नाही राह्यला," ती म्हणाली. "नाही म्हननारा मानूस तांब्याकडं असा पायते काय? हा मांगून राह्यला."

ती त्याच्या खाटेशी गेली. मानेखाली हात घालून तिनं त्याचं डोकं उचललं.

"अवं, तो तांब्या आपला हाय," रामराव म्हणाले.

"हाय त आपलाच," ती म्हणाली आणि तांब्या त्याच्या ओठांना लावला.

तो घटाघटा प्यायला. पाणी हनुवटीवरून गळ्यात, गळ्यावरून छातीवर ओघळलं. तांब्या रिकामा झाला तसा तो पुन्हा म्हणाला, "ना." तिनं दुसरा भरून आणला. तो त्याच्या ओठांना लागण्याआधी हुकूमचंदांनी हिवतापावरचं कडू कोयनेलही पाजून घेतलं.

ताप उतरल्यावर आपिऊ खाटेवर उठून बसला आणि त्याच्याबरोबर त्याचं इंग्रजीही परतलं. त्याच्या गावाकडं पाण्यालाच 'ना' म्हणतात, हे त्यानं हुकूमचंदांना सांगितलं. हुकूमचंदांनी कपाळावर हात मारला. "म्हणजे हा पाणी पाणी करत होता आणि मी गिलास उचलून नेत होतो!"

भाषेचं नाव कसेम. मिशनच्या पाद्र्यांनी त्याला ती लिहायलाही शिकवली होती. त्यानं कोळशानं फरशीवर चार शब्द लिहून दाखवले. अक्षरं इंग्रजी होती, पण हुकूमचंदांना त्यांचा अर्थ लागेना. ते मोठ्यानं वाचू लागले तर आपिऊ हसला. सूर वरचा की खालचा, त्यावर आमच्यात शब्द बदलतो, म्हणाला.

मग त्याला न्यायला गाडी यायची होती ती सकाळ आली. खाकी कपडे चढवून तो पायऱ्यांजवळ बसला. तुळसाबाई दारात तांदूळ निवडत होती. त्यानं जमिनीपासून हातभर उंचीवर तळवा धरला, एक बोट वर केलं आणि म्हणाला, "बु."

"लेकरू," तुळसाबाई म्हणाली. "बु."

त्यानं तीन बोटं वर केली.

"बु," ती म्हणाली.

त्यानं नकाराची मान हलवली. "बिअ."

"आयकलं का?" तिनं आत नवऱ्याला हाक दिली. "एक असन त बु, लय असले त बिअ. आपल्यात नाही का, लेकरू अन् लेकरं."

रामरावांनाही मौज वाटली. त्यांनी खाटेवरून चार बोटं दाखवली. "बु!"

"बिअ," आपिऊनं बजावलं. मास्तरासारखं त्यानं बोटही नाचवलं. रामराव चुकले की दुरुस्त करायचं, तुळसाबाई चुकली की दुरुस्त करायचं, असा खेळच झाला. मधे हुकूमचंद आले, तेही चुकले.

मग आपिऊनं तुळसाबाईकडं बोट केलं आणि तळवा उताणा धरला. तुला किती?

तिनं चटकन दोन बोटं वर केली. "बिअ."

आपिऊनं शाबासकीची मान डोलावली. आत खाटेवर रामरावांनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

तुळसाबाई आपल्या बोटांकडं बघत राहिली. थोरला दौलत केनवडला वावरात होता. धाकटा जगदेव गेल्या पावसाळ्यात पटकीनं गेला. तिनं एक बोट हळूहळू मिटलं.

स्टेशनाकडून शिट्टी ऐकू आली. आपिऊ उठला नाही. तो तिच्या उरलेल्या बोटाकडं बघत होता.

"बिअ," तुळसाबाई म्हणाली.

चूक दाखवायला त्याचा हात सवयीनं वर आला होता. तो त्यानं खाली घेतला.

"बिअ," तोही म्हणाला.