वर्जिलच्या खोलीतली मॅच

"डेल, लेका, या पोरांना बचाव शिकवा रे कोणीतरी," टीव्हीकडे बघत वर्जिल स्टॅम्पर म्हणाला. "लुडलोच्या वेळी असा फुकटचा बास्केट दिला असता, तर उरलेली मॅच बाकावर बसून काढावी लागली असती."

"लुडलोची गोष्ट वेगळी होती, वर्जिल," ग्लेन म्हणाला.

बापाला नावानं हाक मारताना पहिल्या शनिवारी त्याची जीभ अडखळली होती. आता सवय झाली होती.

वर्जिल घसरून पडला, खुब्याचं हाड मोडलं आणि त्याला खोऱ्यातल्या वृद्धाश्रमात हलवलं, हे ग्लेनला बहिणीनं फोनवर सांगितलं होतं. बापलेकांनी कित्येक वर्षांत एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. तरी ग्लेन ओहायोहून गाडी हाकत केंटकीत आला आणि खोलीच्या दारात उभा राहिला. म्हातारा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला.

"डेल?" तो शेवटी म्हणाला. "ये, बस. मॅच सुरू व्हायचीय."

डेल हा त्याचा कोळशाच्या खाणीतला जोडीदार. त्याला जाऊनही जमाना झाला होता. म्हाताऱ्याचं डोकं आता चालत नाही, ग्लेनच्या ध्यानात आलं. त्यानं कोट काढला आणि डेल होऊन खुर्चीत बसला. तेव्हापासून तो दर शनिवारी येत होता.

टॉलिव्हर कॉलेजची मॅच लागायची. संघ हरायचाच. मग गाडी हमखास त्या एका वर्षावर यायची.

त्या वर्षी डोंगरातल्या या एवढ्याशा कॉलेजनं भल्याभल्या विद्यापीठांना लोळवून राष्ट्रीय विजेतेपद आणलं होतं. लुडलो मुख्य प्रशिक्षक होता आणि ग्लेन त्याचा सहायक. संघाची बस परतली तेव्हा सगळं खोरं रस्त्यावर उतरलं होतं. बसमधून उतरणाऱ्या ग्लेनला मिठी मारून वर्जिल चारचौघांत रडला होता.

पुढल्या वर्षी ग्लेननं चौकशी समितीपुढे तोंड उघडलं. गुडघ्याचा अस्थिबंध तुटलेल्या टिब्स नावाच्या मुलाला लुडलोनं दुखणं मारायच्या सुया टोचून अंतिम सामन्यात उतरवलं होतं, आणि त्याच्या परीक्षाही दुसऱ्यांकडून लिहून घेतल्या होत्या. विजेतेपद काढून घेतलं गेलं. स्टेडियमच्या छताला टांगलेला विजेतेपदाचा झेंडा उतरवला. लुडलो दुसऱ्या राज्यात जास्त पगारावर रुजू झाला. खोऱ्यातल्या लोकांचा राग ग्लेनवर निघाला. वर्जिलनं त्याचं सामान अंगणात ठेवलं आणि दार लावून घेतलं.

मध्यंतरात ओपल नावाची परिचारिका घेवड्याचं सूप आणि मक्याचा ब्रेड घेऊन आली. "तुमच्यासाठीही आणलंय, डेल," ती म्हणाली.

ती गेल्यावर वर्जिलनं विचारलं, "त्या चुगलखोराचं पुढं काय झालं रे?"

"कोणाचं?"

"ज्यानं लुडलोला घालवलं."

ग्लेननं ब्रेड सूपमध्ये बुडवला. "ओहायोत असतो म्हणे. शाळेत शिकवतो."

"मुलंबाळं?"

"एक मुलगी आहे."

"खेळते?"

"खेळते. डावखुरी आहे. अडवायला अवघड जाते समोरच्यांना."

"डावखुरी," वर्जिल म्हणाला. त्यानं चमचा खाली ठेवला. "खोटं नव्हता बोलला तो. टिब्सला मी पाहिलंय दुकानात, काठी टेकत चालताना. पण आधी मला येऊन सांगायचं होतं त्यानं."

"तुला?"

"आम्हाला. चाहत्यांना. सगळं पेपरात वाचायचं म्हणजे काय?"

ग्लेननं सूपची वाटी बाजूला सरकवली. मीच तो, बाबा, एवढंच म्हणायचं होतं. पण या खोलीत डेलला खुर्ची होती. ग्लेनला होती की नाही, कोण जाणे. नाव कळलं आणि म्हातारा पुन्हा तोंड फिरवून बसला तर? दुसऱ्यांदा ते सोसवलं नसतं.

"फ्री थ्रो आहे बघ," तो म्हणाला.

"चुकवणार," वर्जिल म्हणाला. खेळाडूनं चुकवलाच.

हिवाळा सरत आला तशी वर्जिलची धाप वाढली. आयुष्यभर ओढलेली कोळशाची धूळ छातीतून बोलायला लागली. मॅच बघता बघता त्याचा डोळा लागायचा. ग्लेन टीव्हीचा आवाज कमी करून तसाच बसून राहायचा, त्याच्या थकलेल्या चेहऱ्याकडे बघत.

एका शनिवारी ग्लेन कोट चढवत असताना म्हाताऱ्यानं त्याची बाही धरली.

"पुढल्या शनिवारी येशील?"

"येईन की."

"घाटात रस्त्यावर बर्फ असतो. दमानं चालव."

पुढला शनिवार वर्जिलला दिसला नाही. मधेच न्यूमोनिया झाला आणि दोन दिवसांत सगळं आटोपलं. बहिणीचा फोन आला तसा ग्लेन निघाला. तो पोहोचला तेव्हा पलंगावरच्या चादरीसुद्धा काढल्या होत्या. टीव्ही बंद होता. त्याला काय करावं सुचेना. तो नेहमीच्या खुर्चीत जाऊन बसला.

ओपल आत आली. तिनं त्याच्यापुढे कॉफी ठेवली आणि पलंगाच्या कडेवर टेकली.

"त्रास नाही झाला फार," ती म्हणाली. "झोपेतच गेले."

"बरं झालं," ग्लेन म्हणाला. "नाहीतरी आठवत काहीच नव्हतं त्यांना. माणसं ओळखू येत नव्हती."

"वर्जिलना?" ओपल त्याच्याकडे बघत राहिली. "गेल्या आठवड्यापर्यंत पत्त्यांत आम्हा सगळ्यांना हरवत होते ते."

ग्लेननं कप खाली ठेवला.

"तुम्ही पहिल्यांदा येऊन गेलात ना, त्याच संध्याकाळी त्यांनी आम्हाला बजावलं होतं," ती म्हणाली. "म्हणाले, 'तो माझा मुलगा आहे, ग्लेन. पण त्याच्यासमोर त्याला डेलच म्हणायचं. ग्लेन म्हणालात, तर मला त्याला हाकलून द्यावं लागेल.'"