ठोके

बिलियर्ड्ससारख्या पूल या खेळाच्या सामन्यांना प्रेक्षक जांभया देतात, म्हणून आयोजकांनी यंदा नवी टूम काढली. खेळाडूंच्या छातीला पट्टे बांधले आणि त्यांच्या हृदयाचे ठोके मोठ्या पडद्यावर दाखवायला सुरुवात केली. लोक टेबलाकडे कमी आणि आकड्याकडे जास्त बघू लागले.

त्यांच्यातल्या एका वयस्कर खेळाडूला सगळे 'दगड' म्हणत. अंतिम सामन्यातही त्याचा आकडा अडुसष्टवरून हलेना. शेवटचा बॉल उरला, तोही टेबलाच्या कोपऱ्यातल्या पॉकेटच्या अगदी तोंडाशी.

तेवढ्यात त्याची मुलगी मागच्या दाराने आत आली आणि शेवटच्या रांगेत टेकली. सहा वर्षांपूर्वी "तुम्हाला मनच नाही" म्हणून तिने बापाशी बोलणं टाकलं होतं. त्याने मान वर करून तिच्याकडे एकदाच पाहिलं आणि तो नेम धरायला वाकला. पडद्यावरचा आकडा शंभरावर गेला, मग एकशे तीसवर, मग एकशे बेचाळीसवर. बॉल पॉकेटच्या कडेला लागून परत आला.

"शेवटी दगडालाही घाम फुटला," निवेदक म्हणाला. लोकांनी टाळ्या पिटल्या. हातातला सामना गेला.

ती आतल्या खोलीत गेली, तेव्हा तो पट्टा सोडत बसला होता.

"बाबा, माझ्यामुळे हरलात."

"हरलो खरा."

"एवढे ठोके कधी पडले होते तुमचे?"

त्याने पट्टा काढून बाजूला ठेवला.

"तुझी आई गेली त्या दिवशी याहून जास्त पडले असतील. तेव्हा दाखवायला पडदा नव्हता."