डोळ्याभोवतीचा वळ

२०२२ सालचा डिसेंबर. अमळनेरच्या वाचनालयात टेबलावर भटूनाना घड्याळजींची दोन जुनी चित्रं शेजारी शेजारी ठेवली होती. धुळ्या-जळगावकडची बंद पडलेली घड्याळं एकेकाळी ज्यांच्याकडे यायची, ते हे नाना. एका चित्राखाली नामांकित चित्रकाराची सही होती. दुसरं बिनसहीचं. ते असलम पेंटरचं, असं सगळे धरून चालत.

जुनी चित्रं साफ करायला आलेला रोनक सकाळपासून डोळ्याला भिंग लावून बिनसहीच्या चित्रावर वाकला होता.

"उजव्या डोळ्याभोवती गोल डाग पडलाय. पुसून टाकतो," म्हणत त्याने कापूस भिजवला.

"खबरदार!" असलमची बायको मुमताज म्हणाली. वय अठ्ठ्याहत्तर, पण आवाज खणखणीत. "डाग नाही तो. मी रंगवलाय."

वाचनालयाचे अध्यक्ष पारसभाऊ हसले. "चाची, पेंटर तर असलमचाचा होते!"

"ते पाट्या रंगवायचे. अक्षर मोत्यासारखं. माणूस काढला की मात्र त्याच्या घरचेसुद्धा ओळखायचे नाहीत. हे मी काढलं, नानांच्या दुकानासमोर ओट्यावर बसून. सही कर, असं कुणी म्हटलं नाही."

"मग या मोठ्या साहेबांच्या चित्रात तो डाग कसा नाही?"

"त्यांनी फोटो बघून काढलं. फोटोला नाना पावडर लावून बसले होते."

"तुम्ही म्हणता. पण पुरावा?"

रोनकचा कापूस चित्रापासून बोटभर अंतरावर थांबला होता.

"बेटा, ते भिंग काढ. आता पारसभाऊंकडे बघ."

पारसभाऊंनी रोनककडे पाहिलं, मग चित्राकडे, मग पुन्हा रोनककडे. त्याच्या उजव्या डोळ्याभोवती लालसर गोल वळ उठला होता.

रोनकने कापूस बशीत ठेवला.

असलम तर केव्हाच गेले. चोपडा रस्त्यावरची त्यांची एक पाटी अजून वाचता येते. पारसभाऊ आल्यागेल्याला तो वळ दाखवतात, जणू त्यांनीच शोधून काढला. मुमताजने चोपन्न वर्षांनी चित्रावर सही केली, चांगली ठसठशीत. रोनक आता जळगावला असतो. मुमताज त्याचं चित्र काढतेय, म्हणून रविवारी येतो. पहिल्या रविवारी तो नवा शर्ट घालून, तोंड धुऊन समोर बसला.

तिने त्याला उठवलं. "असा नको. आधी दोन तास काम करून ये."