लाखेचा लाल

बीणापाणीने रेशमाची ओली लड क्षीरोदाच्या पुढ्यात आपटली.

"तीच लाख, तीच चिंच, त्याच विहिरीचं पाणी. तुझं रेशीम डाळिंबासारखं आणि माझं कलेजीसारखं. गुपचूप काय टाकतेस गं, दिदी?"

"काही नाही टाकत," क्षीरोदा म्हणाली. मातीच्या हंडीत कोपरापर्यंत हात बुडवून ती लड खालीवर करत राहिली.

तीन वर्षं हेच उत्तर. या तीन वर्षांत बीणापाणीने तुरटी कमी करून पाहिली, वाढवून पाहिली. क्षीरोदाच्या हंडीतलं पाणी बोटाने चोरून चाखलं, आपल्याइतकंच आंबट. शेवटी तिने देवळातल्या मदनमोहनाला साकडं घातलं. आपला रंग सुधारावा म्हणून नव्हे, तिचा बिघडावा म्हणून.

आता लग्नाच्या साड्यांचं रेशीम येऊन पडलं होतं. म्हाताऱ्या नकुडकाकांना नीट दिसेनासं झालं होतं. दोघींपैकी जिला लग्नाचा लाल रंगवायला मिळेल, तीच त्यांच्यामागे विष्णुपूरची ही रंगशाळा सांभाळणार होती. काकांनी सकाळी दोन्ही लडी डोळ्यांशी नेऊन पाहिल्या आणि बीणापाणीची बाजूला सारली होती.

"विधवेच्या हातचा लाल नवरीच्या अंगावर घालणार, काका?" क्षीरोदाकडे बोट दाखवत बीणापाणीने कोपऱ्यात बसलेल्या काकांना विचारलं.

"नवरीची आई रंग बघते, पोरी. हात कोण बघतं?"

क्षीरोदाने हात बाहेर काढले, पुसले. मग उठून बीणापाणीचं डावं मनगट धरलं. शंखाच्या बांगडीमागे लोखंडाचं कडं होतं, लग्नात सासूने घातलेलं, नवरा असेपर्यंत न उतरवायचं. आंबट पाण्याने झिजून ते तारेएवढं बारीक झालं होतं.

"या खोलीत लोखंडाची पळी येऊ देत नाहीत काका. चिंचेच्या पाण्यात लोखंड सुटतं, लाखेचा लाल मरतो. आणि तू हे दिवसभर बुडवून बसतेस."

नकुडकाकांनी कपाळावर हात मारला. उभा जन्म रंगात गेला होता त्यांचा. पण सवाष्णीच्या कड्याला लोखंड म्हणून मोजतं कोण?

"तीन वर्षं माहीत होतं तुला," बीणापाणीचा आवाज चिरकला. "मग बोलली का नाहीस?"

"कडं काढून ठेव, असं तुला मी सांगायचं? मी?"

बीणापाणीने दुसऱ्या हाताने कडं घट्ट झाकून घेतलं.

क्षीरोदाने खाली पडलेली लड उचलली. तिच्यावरची माती झटकली.

"अकरा वर्षं माझ्याही हातून हाच रंग यायचा," ती म्हणाली.

लड तिने खाली ठेवली नाही. त्या काळपट रेशमाकडे ती ज्या नजरेने बघत होती, ती नजर बीणापाणीने ओळखली. तीन वर्षं क्षीरोदाच्या लडीकडे ती स्वतः तशीच बघत आली होती.