कापसाच्या घरचा उंदीर

उंदरानं उशी पुन्हा कुरतडली होती.

गौसियाबीनं ती उजेडात धरली. तोच कोपरा, भिंतीकडचा. खोळ ओलसर, फाटलेली, आतून कापूस डोकावणारा. तिनं सुई-दोरा घेतला आणि जाड टाके घातले. पिंजाऱ्याच्या घराला उंदीर नवा नव्हता. नवी नवरी होऊन ती नांदुऱ्यात आली, तेव्हाही कापसाच्या ढिगात उंदराची गुलाबी पिल्लं निघाली होती.

"अजी, उशाशी उंदीर येते अन् तुमाले कळत बी नाही?"

बशीरमिया खाटेवर पडल्यापडल्या हसले. हसताना हल्ली ते तोंडावर रुमाल धरत. "झोप लागली होती ना. खाऊ दे त्याले. कापूस आपलाच हाय."

झोप लागली होती! गौसियाबीला तेवढंच ऐकायचं होतं.

एके काळी दिवाळीच्या तोंडावर हा माणूस खांद्यावर धनुष्यासारखी पिंजणी टाकून पार मोताळ्यापर्यंत गावोगाव हिंडायचा. पिंजणीच्या ताणलेल्या तातीचा टणत्कार ऐकला, की बाया तो दिसायच्या आधीच गाद्या अंगणात काढून ठेवायच्या. ती पाठ आता पाठ राहिली नव्हती. कॅन्सर मणक्यात उतरला होता. रात्ररात्र ते कण्हायचे. कूस बदलली तरी किंकाळी निघायची.

बुलढाण्याच्या डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या होत्या. "घड्याळ पाहून द्यायच्या. दुखायची वाट पाहायची नाही. त्यांनी मागितली नाही तरी द्यायची," असं त्यांनी दोनदा बजावलं होतं. गौसियाबीनं मान हलवली होती.

परतताना बसमध्ये शेजारची बाई म्हणाली, "हे तं अफूचंच औषध हाय, भाभी."

गौसियाबीला तिचा मामू आठवला. अफूपायी ओट्यावर बसून राहायचा, ओठांवर माश्या, स्वतःच्या लेकराचं नाव आठवायचं नाही. तिनं मनाशी ठरवलं, मागतील तेव्हाच द्यायची.

सुरुवातीला बशीरमिया मागायचे. डबी उघडताना तिचे डोळे भरायचे. "मामूसारखे नका होऊ जी," ती म्हणायची. ते गोळी गिळायचे आणि तिच्याकडे पाहत राहायचे.

हळूहळू त्यांचं मागणं कमी झालं. मग थांबलंच. कण्हणंही थांबलं. गौसियाबी गाढ झोपू लागली.

"दुआ लागली, आशाबाई," तिनं शेजारणीला सांगितलं. "दर्द उतरला. आता फक्त तो उंदीर राह्यला."

"माही मांजर घेऊन जा," आशाबाई म्हणाली. "माह्या घरी नुसतं दूध पिऊन माह्यावरच गुरगुरते."

मांजर आली. रात्रभर बशीरमियांच्या पायथ्याशी बसून राहिली. सकाळी उशीचे टाके उसवलेले होते.

"आशाबाई, तुही मांजर कामचोर हाय वो!"

"मालकावर गेली बाप्पा, मी काय करू!"

दोघी हसल्या. आत बशीरमियाही हसले, रुमालाआडून.

जेवताना त्यांनी भाकर दुधात कुस्करून मागितली. "अम्मी द्यायची तशी दे." गौसियाबीला बरं वाटलं. आजारी माणसाला लहानपणची चव आठवली, म्हणजे जीव रमू लागला.

"उद्या बुलढाण्याले जातो," ती म्हणाली. "उरलेल्या गोळ्या वापस करून टाकतो. घरात ते अफू नको."

बशीरमियांनी रुमाल तोंडाशी नेला. "तुह्या जिवाले बरं वाटते ना?"

"लय बरं वाटते."

"मंग कर."

जेवण झाल्यावर तिनं दुसरी उशी आणली. "ते फाटकी द्या. उसवून पाहतो, आत घर केलं असंन त्यानं."

"राहू दे ती."

"काऊन? पिंजाऱ्याच्या घरी फाटकी उशी? लोक काय म्हणतीन?"

बशीरमियांनी उशी घट्ट धरली. मग सोडून दिली आणि भिंतीकडे तोंड केलं.

गौसियाबी दारातल्या उन्हात बसली. कातरीनं तिनं टाके कापले. आत ना लेंड्या, ना पिल्लं. त्यांनी स्वतः पिंजून भरलेला कापूस, अजून दुधासारखा पांढरा. फक्त कोपऱ्यातला एक बोळा तपकिरी पडून आवळला होता. सवयीनं तिनं तो बोटांत चोळला. आत काहीतरी कडक लागलं.

सरकी, ती मनाशी म्हणाली. आणि तिलाच नवल वाटलं. या माणसानं पिंजलेल्या कापसात सरकी? जन्मात कधी राहिली नव्हती.

तिनं बोळा उकलला.

तळहातावर माणसाचा अर्धा दात पडला.