टेबलाला तेल

दोन हजार अकरा साल. सुनेला पहिलंच मोठं काम मिळालं होतं: वाचनालयाचं आठजणांचं टेबल, वर काचेसारखा इपॉक्सीचा थर. तीन दिवस तिने फळी घासली. शनिवारी प्रायमर, रविवारी थर, आठवड्याने टेबल पोचवायचं, असं ठरलेलं.

शनिवारी सकाळी ती शेडमध्ये आली, तर फळी लखलखत होती.

"आई, हिला काय केलंत?"

"तेलाचा हात फिरवला," सासूबाई शाबासकीची वाट बघत म्हणाल्या. "किती कोरडी पडली होती बिचारी! चाळीस वर्षं घरातलं लाकूड असंच सांभाळलंय मी."

सुनेने पाण्याचा एक थेंब फळीवर सोडला. थेंब पसरला नाही. गोल होऊन बसला.

"पाणी धरत नाही, ती प्रायमर काय धरणार? सगळा थर सालीसारखा सुटून येईल, आई."

सासूबाईंनी तेलकट हात पदराला पुसले. पोरीचं पहिलं काम, आणि आपल्याच हाताने माती केली. पण गप्प बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

"कशाने निघतं ते सांग."

"थिनरने. मग पुन्हा सगळं घासायचं."

"मग आण की! माझं तोंड काय बघतेस?"

दुपारपर्यंत दोघींनी सतरा फडकी वाया घालवली. मग घासकाम. मशीन फिरून गेलं की सासूबाई डोळे मिटून तळहात फिरवत.

"इथे लाट आहे."

"मला तर दिसत नाही."

"दिसणार नाहीच. हात लाव."

होती.

चार वाजता पुन्हा थेंब सोडला. पसरला, लाकडात शिरला. तो वाळल्यावर सुनेने प्रायमरचा पातळ हात दिला. फळीतून बारीक बुडबुडे वर आले, फुटले, थांबले.

"सोडला गं बाई तिने श्वास," सासूबाई म्हणाल्या, आणि खाली बसल्या.

ते टेबल अजून वाचनालयात आहे. त्यावर डोकं टेकून झोपणारे वाचकही आहेत. सुनेच्या हाताखाली आता सहाजणी आहेत. सासूबाईंनी ऐंशी ओलांडली, नजर गेली. पण त्यांचा तळहात फिरल्याशिवाय कुठल्याच फळीला प्रायमर लागत नाही. तेलाची बाटली शेडबाहेरच्या कपाटात असते. तिच्यावर सुनेच्या अक्षरात चिठ्ठी आहे: 'फक्त आईंच्या गुडघ्यांसाठी.'